‘प्रीपोन’ हा खरा शब्द आहे का? आणि ‘पुढे आणले’ म्हणजे नक्की कधी?

बागवाली:
आमच्या निफाडच्या गटाचं फळछाटणीचं शिबिर २५ तारखेला ठरलं होतं. तज्ज्ञांकडून इंग्रजीत निरोप आला, की ते चार दिवस ‘ब्रॉट फॉरवर्ड’ केलंय. मी ग्रुपवर टाकलं, “शिबिर चार दिवस पुढे आणले आहे.” २१ला तज्ज्ञ आले तेव्हा समोर अकरा माणसं, त्यातले दोन चहावाले. २९ला पन्नासेक जण हजर, हॉलला कुलूप आणि मला फोनवर फोन. एक काका तर छाटणीची कात्री घेऊन आले होते.
सरळ ‘प्रीपोन’ लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मी म्हटलं. त्यावर ओळखीतले इंग्रजीचे निवृत्त सर म्हणाले, “असा शब्दच नाही, आपल्या लोकांनी ठोकून दिलाय.” खरं का? आणि मराठीत काय म्हणायचं? शिबिर पुन्हा १३ला घ्यायचं ठरलं होतं, आता म्हणे ९ला. मंगळवारी नोटीस छापायची आहे.

कोशकिडा:
सरांना सांगा, २०१० साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोशात तो आला. आणि आपल्या लोकांवरच खापर नको. १९१३ साली एका वाचकानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून, ‘पोस्टपोन’ला जोडीदार हवा म्हणून हाच शब्द सुचवला होता, तोही मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी! लॅटिन ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. ‘पोस्ट’ नंतर, ‘प्री’ आधी. दोघे सख्खे भाऊ. एकाला माजघरात घेतलं, दुसरा अजून ओसरीवर.

देवळालीकर:
कोशात शिव्याही असतात, म्हणून त्या नोटिशीत लिहायच्या का? माझ्या मुलीनं लंडनच्या ऑफिसला ‘प्रीपोन’ लिहिलं, तर तिकडच्या बाईंनी विचारलं, “म्हणजे रद्द?” ज्यांची भाषा त्यांना कळत नाही, तो कसला शब्द?

रविवार_कारंजा:
त्यांना त्यांचं ‘फॉरवर्ड’ तरी कुठे कळतं, देवळालीकर? मानसशास्त्रातला प्रसिद्ध प्रश्न आहे : बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘फॉरवर्ड’ केली, आता ती कोणत्या वारी? इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. काळातून आपण पुढे चाललोय असं धरलं की शुक्रवार. काळच आपल्याकडे येतोय म्हटलं की सोमवार. बागवालीताई, तुमचे पन्नास जण शुक्रवारवाले निघाले, एवढंच. ‘प्रीपोन’मध्ये निदान ही भानगड नाही.

पंचवटीकर:
मराठीत शब्द आहे की! अलीकडे. आमचे आजोबा मुहूर्त काढून द्यायचे. मुलीकडचे यायचे आणि म्हणायचे, “गुरुजी, वैशाख लांब पडतो, जरा अलीकडचा बघा.” मग लग्न ‘अलीकडे घेतलं’ जायचं. गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे रोज करणाऱ्या गावाला हे कोणी शिकवायला हवं का?

देवळालीकर:
“अलीकडे माझा गुडघा दुखतो.” हे कुठलं अलीकडे? ‘शिबिर अलीकडे घेतले’ छापलंत तर लोक म्हणतील, होऊनही गेलं! त्यापेक्षा नवा शब्द घडवा. सावरकर आपल्या भगूरचेच. ‘महापौर’, ‘दिनांक’ आज कोणाला खटकतात? ‘पूर्वस्थापन’ म्हणा.

कोशकिडा:
‘शिबिराचे पूर्वस्थापन’ वाचून लोक नारळ घेऊन येतील.

द्राक्षमणी:
मी निफाडचाच. शब्द घडवून काही होत नाही, बाग जो धरेल तो खरा. आमच्याकडे द्राक्षाच्या घडातले जादा मणी काढायला बाया आल्या, की “थिनिंगला बाया आल्यात” असंच म्हणतात, ‘विरळणी’ पुस्तिकेत राहिली. पण छाटणीला ‘प्रूनिंग’ म्हणणारा शेतकरी मला अजून भेटायचाय. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. या नावांना इंग्रजीत काय म्हणतात हे विचारायची गरजच पडली नाही. का, ते विचारू नका.

देवळालीकर:
थिनिंगला मराठी शब्द असताना इंग्रजी वापरायचा, हा आळस आहे.

द्राक्षमणी:
काका, एकदा थिनिंगच्या दिवसांत या, बायांना ‘विरळणी’ सांगून बघा.

बागवाली:
नोटीस छापली : “शिबिर गुरुवारी, ९ तारखेला. १३ला येऊ नये.” शब्दच लागला नाही. तरी मघाशी कात्रीवाल्या काकांचा फोन आला, “म्हणजे प्रीपोन केलं ना?”

द्राक्षमणी:
ताई, ते जाऊ द्या. छाटणीला कात्री कोण आणतं? सिकेटर असेल ती.

बागवाली:
हो, सिकेटरच. कात्री म्हटलं म्हणजे सगळ्यांना कळेल, असं वाटलं.

कोशकिडा:
‘सिकेटर’! हा मूळ फ्रेंच, इंग्रजांनी तिथून उचलला. देवळालीकर, याला काय म्हणायचं?

देवळालीकर:
कर्तनी.

द्राक्षमणी:
ही कर्तनी कोणत्या दुकानात मिळते, तेवढं सांगा.