पायाला विजेचं मशीन: घरी असावं की नसावं?

दांडियाबाजारकर:
आई ७१ वर्षांची. गुडघ्यांमुळे सुरसागर तलावाची रोजची फेरी सुटली. संध्याकाळी पाऊल इतकं सुजायचं की बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी हृदय, किडनी तपासली; शेवटी पायाच्या शिरांतल्या झडपा सैल झाल्यात म्हणाले. त्यांनाच विचारून पोटऱ्यांना पट्ट्या चिकटवायचं मशीन आणलं. रोज अर्धा तास. पोटरी आपोआप आवळते, सुटते, समोर दिसतं. महिन्याभरात चपलेचा पट्टा पुन्हा लागायला लागला. ज्यांचं चालणंच थांबलंय त्यांच्या घरी हे असायलाच हवं.

मांडवीची_लेक:
अजिबात पटलं नाही. माझ्या बाबांच्या पोटऱ्या चालताना भरून यायच्या, थांबलं की बरं वाटायचं. दुकानदाराने ‘नसा मोकळ्या होतात’ म्हणत मशीन गळ्यात मारलं. तीन महिने आम्ही तेच लावत बसलो. दुखणं धमनीचं निघालं, पायाला रक्तच कमी पोचत होतं. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या ०.९ पटीपेक्षाही कमी भरला. त्यात मधुमेहाने पाय बधिर. करंट जास्त झालेला त्यांना कळलाच नाही, पट्टीखालची कातडी भाजली. ते तीन महिने कोण परत देणार?

फिजिओ_अलकापुरी:
ताई, राग रास्त आहे, पण तो न तपासता विकणाऱ्यावर काढा. पोटरी आवळली की आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर चढतं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालताना हेच होतं. कोणते उपचार वापरावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही २०१४ मध्ये गुडघ्याजवळच्या चेतातंतूला ठोके देणारं एक यंत्र, शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा मोठा धोका असून इतर उपाय करता येत नाहीत अशा रुग्णांसाठी, वापरायला हरकत नाही म्हटलं. मात्र पेसमेकर असेल किंवा पायात गुठळी असेल तर घरच्या घरी हात लावू नका. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर आधी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. आणि दुखण्यावरचं टेन्स मशीन वेगळं. नुसत्या मुंग्या आल्या, स्नायू आवळलाच नाही, तर रक्त ढकलणार कोण?

मांडवीची_लेक:
तपासणीचं मान्य. पण खुर्चीत बसून टाचा वर-खाली करायला पैसे पडत नाहीत. ते आधी का सांगत नाही कुणी?

दांडियाबाजारकर:
आम्हाला सांगितलं होतं. दहा वेळा केलं की आई दमते, मग विसरते. उद्यापासून सकाळी मी शेजारी बसून टाचा करून घेईन. मशीन मात्र काढणार नाही.