रेटिंग, रँकिंग, ग्रेडिंग : गोल्फ कोर्सच्या याद्यांसाठी मराठी शब्द

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेतल्या गोल्फ कोर्सच्या राज्यनिहाय याद्या कशा तयार होतात आणि त्यांवर वाद का होतात, या विषयावरचा एक लेख मराठीत आणते आहे. मुळात ‘रेटिंग’, ‘रँकिंग’ आणि ‘ग्रेडिंग’ असे तीन शब्द येतात. मी तिन्हींसाठी ‘मानांकन’ लिहीत गेले. काल वाचून पाहिलं तर ‘या कोर्सचं मानांकन ७४.९ असून मानांकनात तो राज्यात चौथा आहे’ असं वाक्य हाती आलं. वाचणाऱ्याला यातून काय कळणार? ‘स्लोप रेटिंग’ला मी ‘उताराचं मानांकन’ म्हटलं आहे, तेही खटकतंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर

ताई, वेळेवर खटकलं ते बरं झालं. माझ्या हातून असंच वाक्य छापून गेलं होतं आणि ते अजून मनाला लागून आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘मानांकन’ बाजूला ठेवू. हा शब्द आपण फार ठिकाणी राबवला आहे. टेनिसमधला ‘दुसरा मानांकित’ म्हणजे स्पर्धेची आखणी करताना दुसरं स्थान दिलेला खेळाडू. ‘आयएसओ मानांकन’ म्हणजे प्रमाणपत्र. ‘पतमानांकन’ म्हणजे कर्ज फेडण्याच्या कुवतीचा अंदाज. ‘भौगोलिक मानांकन’ आणखी वेगळं. गोल्फच्या लेखात हा शब्द आला की वाचक यातला कुठला अर्थ धरेल, याचा भरवसा नाही.

आता तुमचे ७४.९. हा आकडा कुणाच्या पसंतीचा नाही, मोजणीचा आहे. कोर्स रेटिंग म्हणजे अव्वल हौशी खेळाडूला (गोल्फच्या भाषेत स्क्रॅच खेळाडूला) नेहमीच्या हवामानात त्या कोर्सवर साधारण किती फटके लागतील, याचा अंदाज. प्रशिक्षित पथक कोर्सवर जाऊन लांबी मोजतं, बंकर (वाळूचे खड्डे), पाणी, झाडी, ग्रीनचा (खळग्याभोवतालच्या अगदी बारीक गवताच्या भागाचा) आकार यांची नोंद घेतं आणि मग हा आकडा ठरतो. एकाच कोर्सवर टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, मागेपुढे चार-पाच ठिकाणी मांडलेल्या असतात आणि प्रत्येक टीचा आकडा वेगळा असतो. त्यामुळे ‘या कोर्सचं रेटिंग’ असं म्हणणंही अर्धवटच. कुठल्या टीवरून, ते यायला हवं. याला मी ‘काठिण्यांक’ म्हणतो. कोर्स किती अवघड आहे, एवढंच तो सांगतो. किती चांगला आहे, याबद्दल एक अक्षरही नाही.

‘उताराचं मानांकन’ मात्र लगेच काढून टाका. स्लोपचा जमिनीच्या उताराशी काहीही संबंध नाही. सपाट कोर्सचा स्लोप जास्त असू शकतो, डोंगरउतारावरच्या कोर्सचा कमी. हा उतार आलेखातल्या रेषेचा आहे. खेळाडू जसजसा कच्चा होत जातो तसतसे त्याचे फटके किती वेगाने वाढतात, ते ही रेषा दाखवते. करून पाहा. स्क्रॅच खेळाडूचा आकडा ७४.९ आणि त्याच टीवरून बोगी खेळाडूचा, म्हणजे बेताच्या खेळाडूचा, आकडा ९८ धरू. फरक २३.१. पुरुषांसाठी याला ५.३८१ने गुणायचं, उत्तर १२४. हा झाला स्लोप. प्रमाण म्हणून ११३ धरतात. किमान ५५, कमाल १५५. तेव्हा १२४ म्हणजे हा कोर्स कच्च्या खेळाडूला नेहमीपेक्षा जास्त महाग पडतो. मराठीत एका शब्दात हे बसत नाही. ‘स्लोप’ तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्यावा, असं माझं मत.

उरलेल्या दोन शब्दांसाठी आपल्याकडे दोन नव्हे, तीन चांगले शब्द आहेत : गुणांकन, प्रतवारी आणि क्रमवारी. यादी तयार होताना ही तीन वेगळी कामं होतात, आणि याद्यांवरचे निम्मे वाद ही कामं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात असं मला मनापासून वाटतं.

गुणांकन म्हणजे गुण देणं. ‘गोल्फ डायजेस्ट’ या अमेरिकी मासिकाचे परीक्षक सात निकषांवर दहापैकी गुण देतात : फटक्यांचे पर्याय, आव्हान, मांडणीतलं वैविध्य, वेगळेपण, सौंदर्य, निगा आणि व्यक्तिमत्त्व. ‘गोल्फवीक’ या दुसऱ्या प्रकाशनाचे परीक्षक दहा निकष पाहतात, पण शेवटी पूर्ण कोर्ससाठी एकच गुण देतात, आणि तो दहा निकषांची सरासरी असलाच पाहिजे असं नाही. निकष डोळ्यांसमोर ठेवायचे, निर्णय एकत्र करायचा. दोन्ही गुणांकनंच, पण जात वेगळी.

प्रतवारी म्हणजे मालाच्या प्रती लावणं. कापसाची प्रतवारी करणारा ‘हे बोंड सदतिसावं’ असं म्हणत नाही. तो ढीग लावतो. ‘गोल्फ मॅगझिन’च्या परीक्षकांची रीत अशीच आहे. ते गुण देत नाहीत, कोर्स गटांत टाकतात : वरचे तीन, वरचे दहा, वरचे पंचवीस, असं खालपर्यंत. म्हणजे परीक्षक प्रतवारी करतो आणि त्या सगळ्या प्रतवाऱ्या एकत्र करून मासिक क्रमवारी काढतं.

क्रमवारी शेवटी येते. ती कुणी करत नाही, ती निघते. समजा, एका कोर्सच्या एकूण गुणांची सरासरी ६२.४१ आली आणि दुसऱ्याची ६२.३८. छापताना एक नववा होतो, दुसरा दहावा. तीन शतांशांचा फरक वाचकाच्या डोळ्यांत एका पूर्ण पायरीएवढा भरतो. दोन परीक्षक वेगळ्या दिवशी गेले असते तरी हा क्रम उलटला असता. म्हणून लेखात जिथे पद्धतीबद्दल लिहिलं आहे तिथे ‘गुणांकन’, जिथे निकालाबद्दल तिथे ‘क्रमवारी’. तुमचं वाक्य असं होईल : ‘मागच्या टीवरून या कोर्सचा काठिण्यांक ७४.९ असून राज्याच्या क्रमवारीत तो चौथा आहे.’

दुसरं मत

‘काठिण्यांक’ मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. खेळणारे ‘रेटिंग’च म्हणतात. आणि कठीणपणा व चांगलेपणा इतके वेगळे आहेत का? चांगला कोर्स कस पाहतोच की.

उत्तर

खेळणारे ‘रेटिंग’ म्हणतात, मान्य. आपसांत बोलताना मीही तेच म्हणतो. पण छापील लेखात हाच शब्द मासिकाच्या गुणांसाठीही येतो आणि तिथे गोंधळ होतो.

कठीण म्हणजे चांगला, ही समजूत मात्र सहज सोडून देण्यासारखी नाही, कारण या याद्यांचा जन्मच तिच्यातून झाला. ‘गोल्फ डायजेस्ट’ची पहिली यादी १९६६ची. ती सर्वांत चांगल्या कोर्सची नव्हती, अमेरिकेतल्या २०० सर्वांत अवघड कोर्सची होती. १९६९मध्ये ‘अवघड’ जाऊन ‘कस पाहणारे’ आलं आणि आकडा १०० झाला. १९७५मध्ये ‘गोल्फची सर्वांत मोठी कसोटी’ असं रूप आलं. १९८५मध्ये ‘कसोटी’ही गळली आणि ‘सर्वांत श्रेष्ठ १०० कोर्स’ एवढंच उरलं. कठीण, कस, कसोटी, श्रेष्ठ : शीर्षक सरकायला एकोणीस वर्षं लागली, आणि प्रत्येक वेळी आधीच्या शब्दाचा वास पुढच्याला राहिला. लांब कोर्सला झुकतं माप मिळतं अशी तक्रार आजही होते, तिचं मूळ इथे आहे. ताईंच्या लेखात ही चार नावं येत असतील तर चारही शब्द वेगळे ठेवावेत. सगळीकडे ‘सर्वोत्तम’ लिहिलं तर ही हालचालच दिसणार नाही.

याच सात निकषांतल्या ‘आव्हान’ला पूर्वी ‘रेझिस्टन्स टू स्कोअरिंग’ म्हणत. मी एके ठिकाणी याचं ‘धावसंख्येला अटकाव’ वाचलं आहे. आपल्या मनात क्रिकेट असतं, तिथे स्कोअर जितका जास्त तितका चांगला. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. ‘कमी फटक्यांत सुटू न देणं’ हा खरा अर्थ. व्याख्येत ‘तरीही न्याय्य’ अशी अट आहे, तीही गाळू नये. नुसतं छळणारा कोर्स इथे गुण मिळवत नाही.

मूळ प्रश्नकर्ती

फार उपयोग झाला, दादा. आता राज्यांबद्दल. ‘रीजनल’ला प्रादेशिक म्हणू की विभागीय? आणि ‘पब्लिक’ व ‘प्रायव्हेट’ला सार्वजनिक आणि खासगी लिहिलं तर चालेल ना?

उत्तर

अमेरिकेच्या बाबतीत ‘राज्यनिहाय’ हाच शब्द नेमका आहे, तुम्ही पहिल्याच ओळीत वापरलात तो. ‘निहाय’मध्ये प्रत्येक राज्याची वेगळी यादी हे आपोआप येतं. त्यातून दुसरी गोष्टही कळते : दोन राज्यांचे क्रमांक एकमेकांशी लावून पाहायचे नसतात. न्यूयॉर्कमध्ये एकट्या लाँग आयलंडवर शिनेकॉक हिल्स आणि नॅशनल गोल्फ लिंक्स हे दोन नावाजलेले कोर्स शेजारी-शेजारी आहेत. अशा राज्यातला आठवा आणि मोजके कोर्स असलेल्या राज्यातला पहिला, यांत श्रेष्ठ कोण हे राज्याची यादी सांगत नाही.

अमेरिकेबाहेर ‘प्रादेशिक’ बरा, कारण गोल्फचे प्रदेश देशांच्या सीमा पाळत नाहीत. रॉयल काउंटी डाउन आणि रॉयल पोर्टरश हे कोर्स उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहेत. पण हौशी गोल्फचा कारभार संपूर्ण आयर्लंड बेटासाठी एकत्र चालतो, त्यामुळे आयर्लंडच्या यादीत ते हक्काने येतात, बहुधा अगदी वर. तिथे ‘आयर्लंड या देशातले’ असं लिहिलं की वाक्य चुकलं.

सार्वजनिक आणि खासगी मात्र चालणार नाहीत. कॅलिफोर्नियातला पेबल बीच घ्या. मालक खासगी कंपनी, पण पैसे भरून कुणीही खेळू शकतं, म्हणून तो ‘पब्लिक’ यादीत. त्याच राज्यातला टॉरी पाइन्स सॅन डिएगो शहराच्या मालकीचा. न्यूयॉर्कमधला बेथपेज ब्लॅक राज्य सरकारच्या उद्यानातला. न्यू जर्सीतल्या पाइन व्हॅलीत सदस्याचा पाहुणा झाल्याशिवाय पाऊल टाकणं कठीण. यादीला मालकी कुणाची याच्याशी देणंघेणं नाही, दार कुणाला उघडं आहे याच्याशी आहे. तेव्हा ‘सर्वांना खुले’ आणि ‘सदस्यांपुरते’. ‘सार्वजनिक’ म्हटलं की आपल्याला स्वस्त, पालिकेचं असं काही वाटतं, आणि पेबल बीचची फी शेकडो डॉलर आहे.

तसंच ‘गोल्फवीक’च्या ‘क्लासिक’ यादीला ‘अभिजात’ म्हणू नका. तिथे तो गौरव नसून साल आहे : १९६०पूर्वी खुले झालेले कोर्स एका यादीत, १९६० आणि नंतरचे ‘मॉडर्न’मध्ये.

तिसरं मत

वाद जिथे पेटतात तिथल्या क्रियापदांबद्दलही बोलायला हवं. मी कोर्सच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून हे जवळून पाहिलं आहे. यादी आली की पहिलं वाक्य असतं, ‘आमच्या कोर्सला डावललं.’ डावलण्यात हेतू असतो. वगळण्यात निदान निर्णय असतो. पण यादीत यायला ठरावीक किमान परीक्षकांनी ठरावीक वर्षांत कोर्स खेळलेला असावा लागतो. आडबाजूच्या कोर्सला तेवढे परीक्षकच मिळत नाहीत. तो डावलला गेला नाही, वगळलाही गेला नाही, तो मोजणीतच आला नाही. हा अन्याय वेगळ्या प्रकारचा आहे आणि त्याला वेगळं नाव हवं. मी ‘विचारात आला नाही’ म्हणतो.

दुसरं, ‘घसरला’. आमचा कोर्स एका वर्षी बरेच क्रमांक खाली गेला. बातमीत ‘घसरला’ असं आलं आणि पोरांनी मान खाली घातली, जणू गवत आम्हीच मारलं. गुण तेवढेच होते. वर नवे कोर्स येऊन बसले होते. त्याला ‘मागे पडला’ किंवा ‘खाली सरकला’ म्हणावं. गुण कमी झाले तरच ‘घसरला’.

आणि ‘निगा’. हा निकष ‘तुम्ही खेळलात त्या दिवशी’ कोर्स कसा होता, असा विचारला जातो. फेअरवे (टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे) टणक आणि चेंडू पळू देणारे होते का, ग्रीन टणक असूनही चेंडू धरून ठेवणारी होती का. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला तर जमीन मऊ पडते आणि परीक्षक जे पाहतो ते लिहितो. त्याची चूक नाही. आम्ही पहाटे चारला उठून पंपाने बंकरमधलं पाणी उपसत होतो, ते त्या कागदावर कुठे येणार? म्हणून ‘निगा’ ऐवजी ‘त्या दिवशीची स्थिती’ म्हटलं तर निकषाला जास्त न्याय मिळेल. निगा वर्षभराची असते.

मूळ प्रश्नकर्ती

‘त्या दिवशीची स्थिती’ घेतलं. ‘घसरला’ तीन ठिकाणी होतं. एका ठिकाणी गुण खरंच कमी झालेत, तिथे ठेवलं, दोन ठिकाणी बदललं. शेवटची शंका. ‘टाइड फॉर नाइन्थ’ला काय म्हणू?

उत्तर

‘विभागून नववा’. शाळेच्या निकालापासून आपण हेच म्हणत आलो आहोत. दोघे विभागून नववे असतील तर पुढचा अकरावा येईल, दहावा नाही. मूळ तक्त्याशी एकदा ताडून पाहा, अनुवादात तिथे हमखास एक क्रमांक चुकतो.