मदत हवी आहे : आय-फाइव्ह १२४००, १३४०० की १४४००?

तुकोगंजकर: येथे इंदूरला सिल्व्हर मॉलमधील दोन दुकानदारांनी दोन परस्परविरुद्ध मते दिली आहेत. इन्टेलच्या वरील तिन्हींपैकी नेमका कोणता प्रोसेसर घ्यावा? शनिवारी खरेदी करायची आहे, तरी कृपया थेट उत्तर द्यावे.

नकाशेवाला: काम कोणते आणि मदरबोर्ड (प्रोसेसर ज्यावर बसतो तो मुख्य बोर्ड) कोणता, हे कळल्याशिवाय थेट उत्तर कसे देणार?

तुकोगंजकर: मुलगी आर्किटेक्चरला आहे, म्हणजे ऑटोकॅड, नकाशे काढायचे सॉफ्टवेअर, आलेच. बोर्ड एच६१० आहे आणि रॅम डीडीआर४. सध्या आय-थ्री १२१०० बसवलेला आहे.

जुना_रायझनप्रेमी: इन्टेलच्या फंदात पडूच नका. एएमडीने २०१६ साली आणलेल्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसवायच्या खाचेवर) पुढे त्यांच्या रायझन ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर चालले.

नकाशेवाला: बोर्ड घरात असताना त्यांनी तो का बदलावा? तुकोगंजकर, १२१०० मध्ये चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, १२४०० मध्ये तशाच जातीचे सहा, तर १३४०० मध्ये त्या सहांच्या जोडीला कमी वीज खाणारे चार छोटे कोअर येतात. १४४०० ची कोअररचना हुबेहूब तीच असून कमाल वेग तेवढा ४.६ वरून ४.७ गिगाहर्ट्‌झ झाला आहे. त्यासाठी जास्त पैसे मोजणे मला पटत नाही. ऑटोकॅडमधील रोजचे रेखाटन बहुतांशी एकाच कोअरवर चालत असल्याने तेथे फारसा फरक जाणवणार नाही, मात्र प्रोसेसरवर रेंडरिंग (आराखड्यावरून खरेखुरे भासणारे चित्र तयार करणे) होत असेल तर १३४०० चा उपयोग होईल. वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे का? नसल्यास नावाशेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात स्वतःचे ग्राफिक्स नसल्याने पडद्यावर काहीच दिसणार नाही.

शंकेखोर: इन्टेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत (म्हणजे १३ आणि १४ ने सुरू होणाऱ्या प्रोसेसरांत) बिघाड निघाले होते ना? बाराव्या पिढीतच राहावे.

नकाशेवाला: इन्टेलने २०२४ मध्ये त्यासाठी वॉरंटी वाढवली, पण त्या यादीतील आय-फाइव्ह म्हणजे १३६०० आणि १४६०० चे ‘के’ व ‘केएफ’ प्रकार. १३४०० त्यात नाही.

तुकोगंजकर: कार्ड नाही. रेंडरिंग कशात करते, ते तिला विचारतो. म्हणजे १३४०० आणून सरळ बसवायचा?

नकाशेवाला: थांबा! बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डातील सॉफ्टवेअर) जुने असेल तर १३४०० वर संगणक सुरूच होणार नाही, म्हणून १२१०० काढण्यापूर्वीच ते अद्ययावत करून घ्या.

तुकोगंजकर: बायोसची आवृत्ती कोठे दिसते?

नकाशेवाला: विंडोजच्या शोधपट्टीत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधा. ती आवृत्ती आणि बोर्डाचे पूर्ण नाव येथे लिहा.