मदत हवी आहे: खळ्यात ससे सोडायचे आहेत, पण गडग्यात मुंगूस राहतं

सारवलेलं_खळं

नमस्कार मंडळी. घर मालवणजवळ, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. दोन ससे आहेत, दोन्ही माद्या, आठ महिन्यांच्या, वजन दोन-दोन किलोच्या आसपास. आतापर्यंत पडवीतच वाढल्या. आता रोज तासभर तरी मातीवर, गवतावर सोडायच्या आहेत.

खळं (घरापुढचं अंगण) ३० बाय २५ फूट. तीन बाजूंना चार फुटी गडगा, नुसते चिरे रचलेला, फटी न भरलेला. एका कोपऱ्यात माड, गडग्यालगत कण्हेर आणि अळू. गडग्यात मुंगसाची जोडी आहे, रोज दिसते. वाडीतली कुत्री अधूनमधून आत येतात, घारी घिरट्या घालतात. पलीकडे हापूसची बाग आहे, तिथे फवारणी चालते.

कोंबड्यांची षटकोनी जाळी घरात पडून आहे. ती गडग्यावर आणखी दोन फूट चढवली तर पुरेल का? आणि मार्च-एप्रिलमध्ये कोणत्या वेळी सोडावं?

चिरेबंदी

जाळी गडग्यावर चढवून उपयोग नाही. तुमच्याकडे धोक्याची मुख्य जागा गडगाच आहे. रचलेल्या चिऱ्यांच्या फटींत उंदीर आणि पाली राहतात, त्यांच्या मागे धामण आणि नाग येतात, मुंगूसही तिथेच बीळ धरतं. फुरसं तर आपल्याकडच्या जांभ्यात सर्रास असतं. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं ते आधीच आत आहे. शिवाय मुंगूस दिवसा हिंडतं, नेमकं तुम्ही ससे सोडणार त्या वेळी.

त्यामुळे खळ्याचं कुंपण विसरा आणि खळ्याच्या मधोमध, गडग्यापासून निदान सहा फूट लांब, वरूनही बंद असलेला जाळीचा मांडव करा. ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच. उंची तीनपेक्षा कमी नको, ससा मागच्या पायांवर पूर्ण उभा राहिला पाहिजे.

षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते. तिची तार नुसती पिळलेली असते, कुत्र्याने दातात धरून दोन हिसके दिले की पीळ उलगडतो आणि भोक पडतं. अर्धा इंची चौकोनी वेल्डेड जीआय (जस्ताचा लेप दिलेली) जाळी घ्या, १८ गेज किंवा त्याहून जाड (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, दुकानात हे उलटं समजून घेतलं जातं). एक इंची जाळीतून फुरसं सहज जातं, मुंगसाचं पिल्लूही डोकं घालतं. अर्ध्या इंचातून मोठे साप येत नाहीत, पण फुरशाचं पिल्लू येऊ शकतं. म्हणून खालच्या एक फुटाला बाहेरून पाव इंची जाळीचा पट्टा जोडा.

जाळी चार फूट रुंदीची घ्या. बाजूंना तीन फूट उभी आणि उरलेला एक फूट बाहेरच्या अंगाला जमिनीवर काटकोनात दुमडा, वर चिरे ओळीने ठेवा. कुत्रं किंवा मुंगूस भिंतीच्या अगदी पायाशी उकरायला बसतं, आणि पंजाखाली जाळी लागली की थांबतं. मागे सरकून फूटभर लांबून भुयार सुरू करायचं त्याला सुचत नाही. दुमडल्यावर चार कोपऱ्यांत चौकोनी मोकळी जागा राहते. तिथे दीड फुटी तुकडे टाकून तारेने शिवा, कारण उकरणं कोपऱ्यातूनच सुरू होतं. हिशोब असा: बाजूंना २४ फूट, छताला ८, कोपऱ्यांना ३, जोडांवर चढवायला दोन-तीन. एकूण ३८ फूट आणा.

जाळी चौकटीच्या बाहेरून ठोका. आतून ठोकली तर बाहेरून पडणारा प्रत्येक धक्का ती खिळ्यांतून उपटतो, बाहेरून ठोकली तर तोच धक्का तिला लाकडावर दाबतो. स्टेपलर नको. दर चार इंचांवर यू-खिळा, कोपऱ्यांवर वॉशर घालून स्क्रू. दाराला साध्या कडीबरोबर कुत्र्याच्या साखळीला असतो तसा स्प्रिंगचा हूक लावा, नुसती कडी कुत्र्याच्या नाकाच्या धक्क्याने वर सरकते. दाराला सहा इंचांचा उंबरा ठेवा, नाहीतर दार उघडताच ससा पायांमधून निसटतो.

आणि मुंगसाला फासकी लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) मुंगूस आणि साप संरक्षित आहेत. साप मांडवाजवळ आला तर ससे आत न्या आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

सुकी_झावळ

मांडवाबद्दल वर आलंच आहे. जागा निवडताना वर बघा. माडाखाली मांडव नको, अगदी सावली चांगली मिळत असली तरी. नारळ किंवा सुकलेली झावळ पडली तर १८ गेजची जाळी तिला अडवत नाही, आणि नुसत्या आवाजानेही ससे जाळीवर आदळतात. सशाचा कणा हलका, मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. घाबरून लाथ झाडली की स्वतःच्याच जोराने पाठ मोडू शकते. आंब्याखालीही बघून ठेवा, पानं चिकटवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतील तर तिथे अजिबात नको.

आता उष्णता. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापून अंग गार करणंही जमत नाही. जादा उष्णता कानांतल्या रक्तवाहिन्यांतून बाहेर जाते, आणि त्यासाठी भोवतालची हवा त्याच्या अंगापेक्षा बरीच गार हवी. सुखाचं तापमान साधारण १५ ते २० अंश. आपल्याकडे ते जानेवारीच्या पहाटे मिळतं. म्हणून साधा थर्मामीटर मांडवात, सावलीत, जमिनीपासून वीतभर वर टांगा. २८ दाखवला की ससे पडवीत. मार्चमध्ये याचा अर्थ उजाडल्यापासून साडेआठपर्यंत. एप्रिल-मेमध्ये पहाटेलाच २६-२७ असतो, त्यामुळे कधी अर्धा तास मिळेल, कधी काहीच नाही. त्या दिवशी सोडू नका.

संध्याकाळ गार वाटते, पण जांभा आणि कोबा दिवसभराची ऊब सात-आठपर्यंत सोडत राहतात. जमिनीवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली पाहिजे. आणि तिन्हीसांजेला कोल्हे, कुत्री, घुबडं सगळी बाहेर पडतात. सकाळच बरी.

सावलीला पत्रा घालू नका, खाली भट्टी होते. माडाच्या विणलेल्या झापांचे दोन थर, मध्ये चार बोटं अंतर, छताच्या अर्ध्या भागावर. ओलं गोणपाट टांगायची युक्ती घाटावर चालते, किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? त्यापेक्षा गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, ससे तिला टेकून पडतात. पाणी जड मातीच्या कुंड्यात, हलकं भांडं उलटतं.

उष्माघाताची खूण नीट ओळखा: कान तापलेले आणि लाल, नाकपुड्या भराभर, हनुवटी ओली, पोट जमिनीला टेकून लांब पसरलेला आणि हाक मारली तरी हलत नाही. तोंड उघडून श्वास घेत असेल तर वेळ फार कमी आहे. साधं पाणी (बर्फाचं नाही) कानांना आणि पावलांना लावा, अंगाखाली ओलं फडकं, पंखा, आणि त्याच अवस्थेत डॉक्टरकडे. बर्फाच्या पाण्याने कानांतल्या वाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. पाणी बळजबरीने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं.

कण्हेर मुळासकट काढा. तिचं पान, फूल, खोड सगळं हृदयावर परिणाम करतं, वाळलेलं पानही तितकंच विषारी. अळूच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, तोंड सुजतं. घाणेरी, रुई, धोतरा, एरंड, कळलावी हेही आवारात शोधून काढा; कळलावी पावसाळ्यात गडग्यावर आपोआप येते. हरळी, जास्वंदीची पानं, कोथिंबीर, पुदिना चालतात. पण घरात सुक्या गवतावर वाढलेल्या सशांना पहिल्या दिवशी पोटभर ओली हरळी दिली तर जुलाब लागतात. दहा मिनिटांपासून सुरू करून दोन आठवड्यांत तासावर या. सोडण्याआधी सुकं गवत खाऊ घाला.

फवारणीचं बागायतदाराला आधी विचारून ठेवा. वारा तुमच्याकडे असेल तर त्या दिवशी ससे आत, आणि गडग्यालगतचं गवत कापून द्यायचं तर पुढचे दोन-तीन आठवडे नाही. उंदरांचं औषध कुठे टाकलं आहे तेही विचारा.

सारवलेलं_खळं

खूप आभार, दोघांचेही. कण्हेर उद्याच काढते. आणखी तीन गोष्टी. सुतार म्हणतो चौकटीला काजूच्या टरफलाचं तेल लावू, वाळवी लागणार नाही. चालेल? खाऱ्या हवेत जाळी किती टिकेल? आणि एकीच्या कानामागे गोचीड सापडली, घरात कुत्र्याच्या मानेवर टाकायचं औषध आहे, त्यातलं थोडं लावू का?

पशुसेवा_कणकवली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: लावू नका. बाटलीवर फिप्रोनिल लिहिलेलं आहे का बघा. कुत्र्या-मांजरांना ते चालतं, सशाला झटके येतात आणि ससे मरतात. थोडंसं म्हणूनही नाही. गोचीड बारीक चिमट्याने कातडीला अगदी टेकून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, पेटती काडी काही नको. मांडवात रोज सोडल्यावर कान, काख आणि शेपटीखाली रोज बघायचं. गोचिड्या जास्त झाल्या तर सशासाठीचं औषध वजनावर मोजून डॉक्टरच देतील.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं. सशावर उपचार केलेले डॉक्टर कोण, हे आजच विचारून ठेवा. कुठेही गेलात तरी एक वाक्य स्वतःहून बोला: सशाला तोंडावाटे पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देऊ नका. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवघेणे जुलाब लागतात.

कुत्रं नुसतं भुंकून गेलं, जखम काही नाही, तरीही पुढचे दहा-बारा तास लेंड्या मोजा. घाबरलेल्या सशाचं आतडं थांबतं. खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळपर्यंत वाट पाहू नका.

चिरेबंदी

सुताराला थांबवा. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना आणि वाशांना उत्तम, पण ते कातडी भाजतं. ससे चौकट कुरतडणारच. लाकूड कोरंच ठेवा, पायाखाली चिऱ्याचे तुकडे देऊन जमिनीपासून दोन इंच उचला, वाळवी दिसते तरी. उरलेली फट तीच खाली उतरलेली जाळी बंद करते.

जाळी: किनाऱ्याला जस्ताचा लेप लवकर जातो. आधी वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली जाळी मागा, म्हणजे सांधाही झाकलेला असतो. पांढरी भुकटी दिसली तर लेप झिजतो आहे, तांबूस डाग दिसला तर तार गेली. महिन्यातून एकदा पक्कड घेऊन सांध्यांवर दाबा, एकही सुटला तर तो तुकडा बदला. पावसाळा सोडून दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुवा. नवीन जाळीवर जस्ताचे टोकदार थेंब असतात, ते व्हिनेगर-पाण्याने घासून काढा, ससे तार चाटतात. प्लास्टिक चढवलेली जाळी टिकते, पण ती कुरतडली की प्लास्टिक पोटात जातं.

सुकी_झावळ

जूनपासून मांडव बंद, माझं मत ठाम आहे. ओल्या गवतातून कॉक्सिडियाचा (आतड्यातल्या परजीवींचा) संसर्ग होतो, साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं. सगळ्यात वाईट माश्या. शेपटीखाली ओल राहिली की तिथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ उलटं धरून न बघता, मांडीवर घेऊन खालून बघा. चार महिने पडवीत मातीचा खोका द्या, दोन फूट बाय दोन फूट, वीतभर कोरडी माती, उकरायची हौस तिथे भागते. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण पावसाळ्यात वास घेऊन बघा, बुरशी धरलेला फेकून द्या.

सारवलेलं_खळं

लिहून घेतलं सगळं. शेवटचं: आत न्यायची वेळ झाली की पकडायच्या कशा? पडवीतही हाताला लागत नाहीत.

पशुसेवा_कणकवली

पाठलाग करायचा नाही. आतापासून आठ दिवस पडवीत रोज एकाच वाटीवर चमचा वाजवून कोथिंबिरीच्या दोन काड्या द्या, त्याही झाकणाच्या टोपलीच्या आत ठेवून. मांडवात टोपली सुरुवातीपासून आडवी ठेवलेली असू दे. वाटी वाजली की दोघी स्वतः आत शिरतील, झाकण लावा आणि टोपलीच उचला. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी घट्ट. कान धरून कधीच नाही. पहिला दिवस रविवारचा निवडा, तासभर जवळ बसता येईल असा.