रोमानियन पेंग्विन डान्स : हळदीच्या रात्री ३० जणांची रांग का मोडते?

परभणी_लग्नघर : रोमानियात लग्नात पाहुणे एकामागं एक उभं राहून पेंग्विन डान्स करतात, तो हळदीला घ्यायचाय. तालमीत तिसऱ्या फेरीलाच मागचे पुढच्यांवर आदळायलेत. काय चुकतंय? हलगीवर जमंल का?

ताल_धरा : एक फेरी १६ ठोक्यांची. पायाची टाच बाजूला टेकवून पाय जवळ, पुन्हा बाजूला, पुन्हा जवळ : ४ ठोके. दुसऱ्या पायानं तसंच : ४. उजवा आधी की डावा, हे सगळ्या रांगेचं एक पाहिजे. मग पाय जोडून पुढं एक उडी, ठोकाभर थांबा. मागं एक उडी, थांबा. शेवटी पुढं तीन उड्या आणि सोळावा ठोका मोकळा.

घोळ इथंच होतो. पुढचा थांबलेला असतो आणि मागचा भरात चौथी उडी मारतो. बोल म्हणणारा एक जण ठेवा : "पुढं, पुढं, पुढं, थांब!" यातला ‘थांब’ सगळ्यात मोठ्यानं. उडी वीतभरच घ्या, नाहीतर मागं येताना टाच मागच्याच्या बोटांवर पडते.

मांडव_लातूर : ३० ची एक रांग करूच नका, दहा-दहाच्या तीन करा. सासरे-सुना एकत्र असतील तर हात पुढच्याच्या कमरेऐवजी खांद्यावर, पण नुसते टेकवलेले. लोंबकळलं की पुढच्याची उडी अडते. कोपर किंचित वाकवा. साडी घोट्याच्या वर, पदर खोचलेला. गालिचा काढाच! उड्यांनी तो पुढं गोळा होतो अन् त्यात पाय अडकतो. फरशीवर हळदीचं पाणी सांडलेलं असतं, तेही पुसून घ्या.

हलगी_प्रेमी : जमतंय की. मूळ चाल फिनलंडची, राउनो लेहतिनेन यांची १९६३ ची ‘लेटकिस’. सरळ चार-चार ठोक्यांची आहे, हलगीवर छान बसते. फक्त हलगीवाल्याला लय चढवू देऊ नका. लय चढली की थांबायचे ठोके गिळले जातात.

परभणी_लग्नघर : पेरिनित्सा पण रोमानियनच ना? तो सोपा आहे का?

ताल_धरा : तो वेगळा. गोल रिंगण, मधल्यानं रुमालानं जोडीदार निवडायचा, गुडघे टेकून मुका घ्यायचा. आपल्या हळदीत नको. आणि हो, पेंग्विनमध्ये दर फेरीला रांग तीन उड्या पुढं सरकते. वीतभर उडी धरली तरी दहा फेऱ्यांत २० फूट! रांगेत सगळ्यात पुढं असलेल्यानं दुसऱ्या फेरीपासूनच हळूहळू वळत राहायचं, म्हणजे भिंत आडवी येत नाही.