बर्फाच्या डब्यातून आलेली किडनी लगेच चालू झाली नाही. वाटेत खराब झाली असेल का?

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. माझ्या मोठ्या भावाचे नागपूरला किडनी प्रत्यारोपण होऊन आज सहा दिवस झाले. मेंदूमृत दात्याची किडनी दुसऱ्या शहरातून रुग्णवाहिकेने आली. डबा घेऊन दोघे जण लिफ्टकडे धावत गेले, ते मी स्वतः पाहिले. शस्त्रक्रिया नीट झाली असे डॉक्टर सांगतात, पण भावाला दिवसभरात जेमतेम वाटीभर लघवी होते आणि दोनदा पुन्हा डायलिसिस करावे लागले. मे महिन्याच्या उन्हात किडनी वाटेतच नासली असेल किंवा बर्फाने गोठली असेल, असे गावाकडून फोनवर सांगतात. वहिनींच्या डोळ्याला डोळा नाही. कृपया कोणी जाणकाराने समजावून सांगावे.

उत्तर १ (निवृत्त परिचारिका, नागपूर)

भाऊ, त्या डब्यात किडनी उघड्या बर्फावर ठेवलेली नसते. दात्याच्या शरीरात असतानाच तिच्या रक्तवाहिन्यांतून थंड द्रावण सोडून रक्त धुऊन काढतात, तेव्हा ती फिकट, राखाडी दिसू लागते. मग द्रावणाने भरलेल्या निर्जंतुक पिशवीत ती ठेवतात, ती पिशवी दुसरीत, दुसरी तिसरीत, आणि त्यानंतर चुरलेल्या बर्फात. बर्फ थेट टेकला तर पेशींतले पाणी गोठून त्या फुटतात, म्हणून हा सगळा खटाटोप. तापमान ४ अंशांच्या आसपास राहते; डब्यात पुरेसा बर्फ असेल तोवर बाहेरच्या ४५ अंशांनी आत फरक पडत नाही. रस्त्यापेक्षा क्रॉसमॅचच्या (दात्याची किडनी रुग्णाच्या रक्ताला चालेल का, या) तपासणीतच अनेकदा जास्त तास जातात.

उत्तर २ (मूत्रपिंडविकार तज्ज्ञ, वर्धा)

ताईंनी सांगितले ते बरोबर आहे. फक्त थंडीने अवयवाची झीज मंदावते, थांबत नाही, हे लक्षात घ्यावे. ४ अंशांवर पेशींचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा-बारा टक्क्यांवर येतो, पण प्राणवायू नसल्याने तेवढीही ऊर्जा तयार होत नाही, सोडियम बाहेर टाकणारे पंप थंडावतात आणि पाणी आत शिरून पेशी फुगतात. ही सूज रोखण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी १९८० च्या दशकात जे द्रावण तयार केले, त्यात पेशीत सहज न शिरणारे मोठे रेणू असतात आणि ते पाण्याला बाहेरच धरून ठेवतात. एवढे करूनही हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते. किडनी मात्र २४ तास किंवा त्याहूनही अधिक तग धरते.

मोठा धक्का बसतो तो रक्त पुन्हा सुरू होताना. रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडला की राखाडी किडनी बघता बघता गुलाबी होते, आणि त्याच क्षणी साचलेल्या द्रव्यांशी प्राणवायूचा संयोग होऊन पेशींना इजा करणारे घटक तयार होतात. लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे अस्तर त्यात झडते, म्हणून पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागू शकते. हे अस्तर पुन्हा उगवते, बहुतेकांची किडनी काही दिवसांत किंवा आठवड्यांत चालू होते. मात्र शरीराने किडनी नाकारणे किंवा रक्तवाहिनीत गुठळी होणे यांचीही लक्षणे अशीच दिसतात, त्यामुळे केवळ वाट पाहत बसणे योग्य नाही. किडनी एकूण किती तास थंड होती, डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह कसा आहे आणि बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणी) कधी करणार, हे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. नाकारण्यावरची औषधे एक वेळही चुकवू नका.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. सकाळी राउंडच्या वेळी विचारले. किडनी १६ तास थंड होती, डॉपलरमध्ये प्रवाह चांगला आहे, बायोप्सी उद्या करणार आहेत. लघवी काल दीडशे मिलीलिटर होती, आज दुपारपर्यंतच दोनशे झाली. वहिनींना लघवीच्या पिशवीवरचा आकडा दाखवला, तेव्हा त्या प्रथमच जेवल्या.