आघाडीवर असताना हाफटाइमला संघाशी नेमके काय बोलावे? (फुटबॉल मॅनेजर २०२४)

ओलितवाला, दारव्हा तालुका

नमस्कार मंडळी. फुटबॉल मॅनेजर २०२४ या संगणकावरच्या खेळात मी इंग्लंडच्या नॅशनल लीग नॉर्थमधील, म्हणजे तिथल्या सहाव्या पायरीवरील, एक अर्धव्यावसायिक क्लब सांभाळत आहे. हंगामाच्या आरंभी आम्हाला २४ संघांत १९वे स्थान मिळेल असा अंदाज होता आणि ४६ पैकी २३ सामने झाल्यावर आम्ही ७व्या स्थानावर आहोत, त्यामुळे तक्रार करण्याचा अधिकार मला कितपत आहे हे मी जाणतो. तरीही एका गोष्टीने झोप उडवली आहे. (तशी ती या दिवसांत नसतेच. आमच्याकडे कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते, त्यामुळे हरभऱ्याचे ओलित सुरू असताना विहिरीजवळच्या झोपडीत बसून मी सामने उरकतो.)

गेल्या ११ सामन्यांपैकी ६ सामन्यांत हाफटाइमला आम्ही पुढे होतो आणि त्यांतले केवळ २ जिंकलो. प्रत्येक वेळी मी संपूर्ण संघाला 'तुमच्या खेळावर मी खूश आहे' असेच सांगितले. खेळाडूंच्या प्रतिक्रिया हिरव्या रंगात येतात, कोणी नाराज दिसत नाही आणि तरी साठाव्या मिनिटाच्या सुमारास बचावफळीतील एक-दोघे गाफील झाल्याची नोंद दिसू लागते. याउलट मागे पडलेलो असताना मी दोनदा पाण्याची बाटली फेकण्याचा हावभाव निवडला, तेव्हा १९ वर्षांचा डावा बचावपटू इतका बिथरला की त्याला ५५व्या मिनिटाला बाहेर काढावे लागले.

आघाडीवर असताना काय बोलावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, काऊन एवढं डोकं लावतं, त्या असिस्टंटलेच बोलू दे ना." त्याचे म्हणणे मानून बोलण्याचे काम खेळातल्या असिस्टंटकडे, म्हणजे सहायक मॅनेजरकडे, सोपवावे काय, हेही कृपया सांगावे.

वणीचा कीपर

भाऊ, तुमचे शब्द चुकलेले नाहीत. ते जुने झाले आहेत. या खेळातील टीम टॉक, म्हणजे मॅनेजरचे संघाशी बोलणे, हा स्वतंत्र मंत्र नसून ती एक तुलना असते. त्या सामन्यात तुमच्याकडून काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडत आहे, यांतील अंतराशी खेळाडू तुमचे वाक्य ताडून पाहतात. हंगामाच्या आरंभी तुम्ही १९व्या स्थानाचे संघ होता, त्यामुळे हाफटाइमला १-० ने पुढे असणे हीच मोठी गोष्ट होती आणि तेव्हाचे कौतुक खेळाडूंना बळ देत होते. आता तुम्ही ७वे आहात, घरच्या मैदानावर तळातल्या संघाविरुद्ध सट्ट्याचा भाव तुमच्याच बाजूने असतो, आणि अशा वेळी एका गोलाच्या आघाडीवर 'मी खूश आहे' म्हणण्याचा अर्थ 'काम झाले, आता बसा' असा घेतला जातो. निंदणाला आलेल्या मंडळींना दुपारच्या भाकरीलाच 'आज लय झालं' म्हटले की उरलेली तासं कशी निंदली जातात, हे तुम्हाला मी काय सांगावे.

म्हणून सामन्याआधी भाव अवश्य पाहा. तुमचे पारडे जड असेल आणि आघाडी एकाच गोलाची असेल तर संपूर्ण संघाला गाफील न राहण्याची ताकीद द्या, तीही शांत हावभावाने. तुमचे पारडे हलके असेल आणि तरीही तुम्ही पुढे असाल, तर मात्र मनापासून कौतुक करा, कारण तिथे ताकीद दिली की खेळाडूंना आपल्या मेहनतीची किंमत झाली नाही असे वाटते. दोन्ही पारडी बरोबरीची असतील तर हा निर्णय अधिक कठीण होतो. मी स्वतः अशा वेळी गोलसंख्येपेक्षा खेळाडूंची देहबोली पाहून ठरवतो.

दुसरे असे की तुम्ही केवळ संपूर्ण संघाशी बोलत आहात. त्यानंतर बचावफळी, मधली फळी आणि आघाडीची फळी यांच्याशी वेगवेगळे बोलता येते आणि मग एकेका खेळाडूशीही. हिरवा रंग पाहून समाधान मानू नका. 'खूश झाला' आणि 'पेटून उठला' या दोन्ही प्रतिक्रिया हिरव्याच दिसतात, पण उत्तरार्धाच्या पंचेचाळीस मिनिटांत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

बाटलीविषयी थोडे सविस्तर लिहितो. २०२१ च्या आवृत्तीपासून बोलण्याच्या सुराऐवजी हावभाव आले, पण तत्त्व तेच राहिले: रागाचा परिणाम खेळाडूच्या स्वभावावर अवलंबून असतो. जिद्दीचा आकडा २० पैकी ७ किंवा ८ असलेल्या पोराला रागावलात तर तो खचतो. दडपण सोसण्याची क्षमता तर खेळाडूच्या माहितीत आकड्याने दिसतही नाही. ती त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या वर्णनावरून आणि प्रशिक्षकांच्या अहवालावरून ताडावी लागते. तुमच्या डाव्या बचावपटूचे वर्णन 'इझिली डिस्करेज्ड' (लवकर खचणारा) असे तर नाही ना, ते एकदा पाहा.

खऱ्या फुटबॉलमधील एक उदाहरण मला नेहमी आठवते. २६ डिसेंबर २००८ रोजी मँचेस्टर सिटीच्या मैदानावर हल सिटी हाफटाइमला ०-४ ने मागे होते, तेव्हा त्यांचे मॅनेजर फिल ब्राउन यांनी खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये न नेता मैदानावरच, आपल्या प्रेक्षकांसमोर बसवून बोट नाचवत झापले. सामना १-५ असा संपला, म्हणजे उत्तरार्ध १-१ असा सुटला आणि त्या दिवसापुरते पाहिले तर ते बोलणे अगदीच फुकट गेले असे म्हणता येत नाही. पण आरंभी वरच्या स्थानांवर असलेला तो संघ हंगामाच्या शेवटी १७वा राहिला आणि खालच्या पायरीवर घसरण्यापासून एका गुणाने वाचला. त्या एका प्रसंगामुळेच तसे घडले असा माझा दावा नाही. तरी पुढच्याच हंगामात त्याच मैदानावर पेनल्टीवर गोल केल्यानंतर हलच्याच जिमी बुलार्डने सहकाऱ्यांना गोलाकार बसवून त्याच बोट नाचवण्याची नक्कल केली, यावरून ते झापणे कोणी विसरले नव्हते एवढे तरी कळते.

पीटी मास्तर, चांदूर बाजार

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण माझ्या मते निदान अर्धे आहे. मी शाळेत कबड्डीचा संघ तयार करतो आणि मध्यंतरात मुलांशी बोलण्याचा अनुभव मला बऱ्यापैकी आहे. धापा टाकणाऱ्या मुलाला फार तर दोन वाक्ये ऐकू येतात. तिसरे वाक्य प्रशिक्षक स्वतःच्या समाधानासाठी बोलत असतो.

इस्तंबूलचा २००५ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना टीम टॉकचे उदाहरण म्हणून सर्रास दिला जातो. लिव्हरपूल मिलानविरुद्ध हाफटाइमला ०-३ ने मागे होते, उत्तरार्धातील सहा-सात मिनिटांत त्यांनी तीन गोल केले आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये चषक जिंकला. लिव्हरपूलचे मॅनेजर बेनिटेझ यांनी ड्रेसिंग रूममध्ये काय सांगितले याची चर्चा लोक आजही करतात. मात्र त्याच पंधरा मिनिटांत त्यांनी फिनानच्या जागी हामानला उतरवले, बचावात तीन खेळाडू ठेवले आणि जेरार्डला पुढे जाण्याची मोकळीक दिली, हे सांगताना बरेच जण घाई करतात. शब्दांनी त्या खेळाडूंना उभे केले असेल, पण मिलानच्या काका या खेळाडूला मिळणारी मोकळी जागा हामानने बुजवली.

ओलितवाले भाऊ, तुमची अडचण 'साठाव्या मिनिटाच्या सुमारास' सुरू होते, यातच मला उत्तर दिसते. तुमचे खेळाडू अर्धवेळ आहेत. ते आठवड्यातून मोजकेच दिवस सराव करतात आणि साठ मिनिटांनंतर त्यांचे पाय जड होतात. त्याच सुमारास मागे पडलेला प्रतिस्पर्धी अधिक आक्रमक पवित्रा घेतो. अशा वेळी तुमचे दोन्ही बाजूंचे बचावपटू अजूनही 'अटॅक' या जबाबदारीवर असतील तर त्यांच्या मागचे मैदान उघडे पडते आणि नोंदीत मात्र 'गाफील' असे दिसल्याने सारा दोष बोलण्यावर जातो. त्यांना 'सपोर्ट'वर आणा, ६०व्या मिनिटाला दोन ताजे खेळाडू उतरवा आणि मग टीम टॉकचा हिशेब करा.

गोंदियाचा राखीव

धाकट्या भावाच्या सल्ल्यापुरते लिहितो. असिस्टंटकडे काम सोपवण्यापूर्वी त्याचे 'मोटिव्हेटिंग' आणि माणसे हाताळण्याचे कौशल्य हे दोन आकडे पाहा. सहाव्या पायरीवरील क्लबला मिळणारा असिस्टंट या बाबतीत बहुधा बेताचाच असतो. माझ्याकडचा २० पैकी ६ होता आणि एका हंगामात त्याने कर्णधारालाच नाराज करून ठेवले. मात्र हेही खरे की तुम्ही खेळ सुरू करताना स्वतःला 'संडे लीग फुटबॉलर' (म्हणजे फक्त हौशी खेळाडू) आणि विना-प्रशिक्षण निवडले असेल, तर खेळाडू सुरुवातीला तुमचेही फारसे ऐकत नाहीत. तेव्हा बोलणे स्वतःकडे ठेवा आणि असिस्टंटचा सल्ला फक्त वाचा.

ओलितवाला, दारव्हा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. मध्यंतरी लाइन दिवसाची झाल्याने उत्तर द्यायला आठवडा लागला.

मी आधी मास्तरांचे ऐकले, म्हणजे टीम टॉक जसाच्या तसा ठेवून फक्त बाजूचे बचावपटू आणि बदली खेळाडूंची वेळ बदलली. दोन सामने खेळलो. दोन्हींत हाफटाइमला १-० ने पुढे होतो, एक जिंकलो आणि एक बरोबरीत सुटला. संधी निश्चितच कमी झाल्या, पण गाफीलपणाची नोंद दोन्ही वेळा आलीच. पुढच्या दोन सामन्यांत कीपर भाऊंच्या सांगण्याप्रमाणे भाव पाहून बोललो. घरच्या सामन्यात आमचे पारडे जड होते म्हणून ताकीद दिली. बचावफळी सावध राहिली आणि सामना २-० ने जिंकलो. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाकडे गेलो तेव्हा १-० ने पुढे असताना कौतुक केले आणि सामना १-१ ने सुटला, पण तिथे कोणीही गाफील झाले नाही, गोल कॉर्नरवर झाला. चार सामन्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मला कळते.

डाव्या बचावपटूचे वर्णन पाहिले. 'इझिली डिस्करेज्ड' असेच आहे. कीपर भाऊ, तुम्ही तो न पाहता ओळखला कसा?

एक नवी अडचण मात्र आली. ताकीद दिली त्या सामन्यात पहिला गोल करणारा स्ट्रायकर चिडला. संपूर्ण संघाला ताकीद द्यायची असेल तर चांगला खेळलेल्या खेळाडूचे काय करावे?

वणीचा कीपर

ओळखला वगैरे काही नाही, भाऊ. माझ्याही संघात तसाच एक होता आणि मीही बाटली फेकली होती.

स्ट्रायकरचे उत्तर सोपे आहे. संपूर्ण संघाला ताकीद दिल्यानंतर लगेच त्याच्या नावावर जाऊन त्याच्या खेळाचे वेगळे कौतुक करा, म्हणजे ताकीद आपल्यासाठी नव्हती हे त्याला समजते. हे मात्र एक-दोघांपुरतेच करा. मी एकदा अकरापैकी सात जणांचे वेगळे कौतुक केले होते आणि मग ताकीद उरली होती ती फक्त गोलकीपर आणि तीन बचावपटूंसाठी.

पीटी मास्तर, चांदूर बाजार

तो कॉर्नरवरचा गोल जवळच्या खांबापाशी झाला की दूरच्या, ते कळवावे. तिथे कोणताही टीम टॉक कामाचा नाही, माणूस उभा करावा लागतो.

ओलितवाला, दारव्हा तालुका

दूरच्या खांबापाशी, मास्तर. तिथे डावा बचावपटूच उभा होता.